पंचगंगेचा पूर आणि शक्यतांचा गुणाकार

कोल्हापुरात पूर ओसरला, की पेठेत एक वाक्य हमखास कानी पडते : "आता पंचवीस वर्षे तरी चिंता नको." २००५ च्या पुरानंतर ते ऐकले, ऑगस्ट २०१९ नंतर पुन्हा ऐकले, आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी परत शाहूपुरीत शिरले. राजाराम बंधाऱ्यावरील ३९ फुटांची इशारा पातळी व ४३ फुटांची धोका पातळी हे आकडे आपल्या घराघरांत पाठ आहेत. त्यांच्यामागचे शक्यतेचे गणित मात्र व्याजाचा दर तोंडी मोडणाऱ्या आपल्या व्यापारी कुटुंबांतही फारसे बोलले जात नाही.

शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षांची सुटी, असा अर्थ नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात १ आहे, एवढाच त्याचा अर्थ. नदी मागील वर्षाची खतावणी पाहून चालू वर्षाची नोंद करीत नाही. गणिताच्या भाषेत, प्रत्येक वर्ष ही स्वतंत्र घटना धरली जाते. एक वर्ष कोरडे जाण्याची शक्यता ०.९९. सलग तीस वर्षे, म्हणजे एका पिढीचा व्यापार, कोरडी जाण्याची शक्यता काढावयाची तर ०.९९ हा आकडा तीस वेळा मांडून गुणाकार करावा. उत्तर येते ०.७४. म्हणजे त्या तीस वर्षांत निदान एकदा पूर येण्याची शक्यता ०.२६. हेच 'येईल' विरुद्ध 'येणार नाही' अशा प्रमाणात मांडले, तर साधारण एकास तीन. येथे पुष्कळांची गल्लत होते. एकास तीन म्हणजे तिनात एक नव्हे; एक बाजूचा आणि तीन विरुद्ध, मिळून चार, म्हणून चारात एक. चारात एक वेळा बुडणाऱ्या उधारीला आपण 'क्वचित' म्हणू का?

आता उलट बाजूने पाहू. खरोखरच शंभरात १ शक्यता असेल, तर ठरावीक तीन वर्षांत असे दोन पूर येण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ३ भरते. २०१९ आणि २०२१ चे पूर तर तेवढ्याच मुदतीत आले. तेव्हा एक तर अतिदुर्मीळ योग जुळून आला, किंवा 'शंभरात एक' हा आकडाच शिळा झाला आहे. मला दुसरा निष्कर्ष अधिक पटतो. पाऊस पडण्याची रीत आणि नदीकाठची बांधकामे बदलली, तर जुना आकडा जुनाच राहतो.

परंतु खरा धोका गुणाकाराच्या दुसऱ्या वापरात आहे. बँकेत असताना, मालाच्या तारणावरील कर्जांची प्रकरणे पाहताना, एक युक्तिवाद वारंवार ऐकावयास मिळे : "साहेब, माल दोन ठिकाणी ठेवला आहे. दोन्हीकडे एकदम पाणी कसे येईल?" समजा, प्रत्येक गोदामात एका वर्षी पाणी शिरण्याची शक्यता विसात १ आहे. दोन्ही घटना स्वतंत्र असतील, तर गुणाकाराने चारशेत १, निश्चिंत झोपावे. पण एक गोदाम शाहूपुरीत आणि दुसरे सांगलीच्या पेठेत असेल तर? ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली एकाच वेळी पाण्यात होती. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस कृष्णा आणि पंचगंगा दोहोंचाही. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेस मिळते. तेथे कृष्णा फुगली, की पंचगंगेचे पाणी मागे तुंबते. अशा दोन गोदामांची जोडशक्यता चारशेत १ नव्हे. ती विसात १ च्याच आसपास राहते. भावाभावांनी पेढ्या वाटून घेतल्या, जोखीम मात्र एकत्र कुटुंबातच राहिली!

पंचगंगा स्वतः याचा पुरावा आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या स्वतंत्रपणे फुगत असत्या आणि प्रत्येकीची शक्यता दहात १ असती, तर चारही एकदम फुगण्याची शक्यता दहा हजारांत १ भरली असती. प्रत्यक्षात त्या बहुधा बरोबरच फुगतात, कारण त्यांच्यावरचा ढग एकच असतो.

माल कोरडा राहिला म्हणजे नुकसान टळले, असेही नाही. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले की वाहतूक ठप्प होते. २०१९ मध्ये उपसा केंद्रे बुडून शहराचा पाणीपुरवठाही बंद पडला. म्हणून दुसरी जागा निवडताना अंतर किती, हे विचारू नये. पाणलोट वेगळा आहे का, जमिनीची उंची वेगळी आहे का, तेथे जाण्याचा रस्ता वेगळा आहे का, हे विचारावे. तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तरच गुणाकार करण्याचा अधिकार मिळतो.

विम्याचेही तसेच. सामान्यतः विमापत्रात ज्या जागेचा पत्ता असेल, तेथीलच मालाला संरक्षण असते. पाणी चढू लागले म्हणून माल घाईने मेहुण्याच्या गोदामात हलविला आणि ती जागा कागदावर नसली, तर दावा अडू शकतो. अनेक जागांचा एकत्रित विमा मिळतो, त्याची चौकशी करावी. हप्ता वाचविण्यासाठी पूर-वादळाचे कलम पूर्वी कोणी वगळून घेतले आहे काय, हेही पाहावे. चातुर्मास बसण्यापूर्वी, ज्येष्ठातच, कपाटातील ती कागदपत्रे एकदा बाहेर काढलेली बरी.