पगान : दानाने उभी राहिलेली नगरी

ब्रह्मदेश म्हटला की आपणा मराठी माणसांना प्रथम मंडाले आठवते. कारण १९०८ ते १९१४ ह्या काळात लोकमान्यांना तेथे कारावास भोगावा लागला. त्याच मंडालेच्या नैर्ऋत्येस, सुमारे दीडशे किलोमीटरांवर, इरावतीच्या पूर्व तीरावर पगान ही प्राचीन नगरी आहे. ह्या कोरड्या, अल्प पावसाच्या माळावर आजही साडेतीन हजारांहून अधिक स्तूप, मंदिरे, विहार व त्यांचे अवशेष विखुरलेले आहेत. मात्र ज्या राजांनी ती बांधली, त्यांचे राजवाडे आज उभे नाहीत. असे का झाले, ह्या एका प्रश्नातच पगानचा सारा इतिहास सामावलेला आहे.

इ. स. १०४४ मध्ये गादीवर आलेल्या अनिरुद्ध राजाने इरावतीचे खोरे एकछत्री अंमलाखाली आणले. त्याच्या काळापासून थेरवाद पंथाला राजाश्रय मिळाला आणि पुढील अडीच शतके बांधकाम अखंड चालले. राजवाडा लाकडाचा असे, प्रजेची घरे लाकडाची व बांबूची. पक्की वीट मात्र देवकार्यासाठी राखलेली. माणसाचे घर नश्वर आहे, दान तेवढे टिकावे, ही त्यामागची श्रद्धा.

येथील वास्तू मुख्यतः दोन प्रकारच्या. एक भरीव स्तूप. दुसरे पोकळ मंदिर, ज्यात आत शिरून बुद्धमूर्तीचे दर्शन घेता येते. ह्या दुसऱ्या प्रकाराला ब्रह्मी भाषेत गुहावाचक शब्द आहे, आणि तो पालीतून गेलेला आहे. अजिंठ्याच्या शिल्पींनी डोंगर कोरून गुहा केली. पगानच्या गवंड्यांनी सपाट माळावर विटांनी ती रचली. त्यासाठी त्यांनी खऱ्या कमानीचे तंत्र विलक्षण कौशल्याने वापरले. बाराव्या शतकाच्या आरंभीच्या आनंद मंदिरात चार दिशांना चार उभ्या बुद्धमूर्ती आहेत, आणि वरच्या झरोक्यांतून येणारा प्रकाश त्यांच्या मुखावर पडतो.

हे सारे राजांनीच केले असे मात्र नाही. राण्या, अमात्य, व्यापारी, सामान्य गृहस्थ ह्यांनीही आपापल्या ऐपतीप्रमाणे दाने दिली. शिलालेखांत दिलेल्या जमिनीची, सेवकांची, खर्चाची नोंद आढळते. दान मोडणाऱ्यास नरकाचा शाप आणि राखणाऱ्यास पुण्याचा वाटा, असेही लिहिलेले असते. १११३ च्या सुमाराचा म्याझेदी शिलालेख पाली, मोन, प्यू व ब्रह्मी अशा चार भाषांत आहे. लुप्त झालेली प्यू भाषा विद्वानांना वाचता आली ती त्याच्यामुळे. धर्मदृष्टीही संकुचित नव्हती. ह्या बौद्ध नगरीत विष्णुमंदिर होते, आणि मलबारच्या एका व्यापाऱ्याने विष्णूला दान दिल्याचा लेखही सापडला आहे.

पण दानाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संघाला दिलेली जमीन करमुक्त असे. पिढ्यान् पिढ्या उत्तम भातशेती विहारांकडे जात राहिली आणि राजकोश आटत गेला. जमीन परत घ्यावी, तर पूर्वजांचा शाप आणि लोकांचा रोष! तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगोलांच्या स्वाऱ्या झाल्या, तेव्हा राज्य आतूनच पोखरलेले होते, असे काही इतिहासकारांचे मत आहे. ज्या पुण्याने नगरी घडवली, त्यानेच राज्य दुबळे केले.

ही कथा तेथेच संपत नाही. १९७५ च्या भूकंपात अनेक वास्तू पडल्या. पुढे १९९० नंतरच्या काळात देणग्यांच्या बळावर शेकडो भग्न मंदिरे नव्या विटांनी, पुष्कळदा केवळ अंदाजाने, पुन्हा बांधली गेली. पुरातत्त्वज्ञ हळहळले, कारण नव्या विटेखाली जुना पुरावा गाडला जातो. परंतु भाविक म्हणतात, पडके मंदिर सावरणे हेही पुण्यच. २०१६ च्या भूकंपात पुन्हा सुमारे चारशे वास्तूंना इजा पोहोचली. २०१९ मध्ये युनेस्कोने पगानला जागतिक वारशाचे स्थान दिले.

ह्या वादात दोन्ही पक्षांची तळमळ खरी आहे. भग्न मंदिर इतिहासकाराला साधन वाटते, उपासकाला ते देवघर वाटते. पगान केवळ अवशेषांचे गाव असते, तर निर्णय सोपा होता. पण तेथे आजही सायंकाळी दिवे लागतात, फुले वाहिली जातात. जुनी वीट जपावी आणि दिवाही विझू देऊ नये, हे अवघड काम पगानच्या वाट्याला आले आहे. आणि जेथे जेथे प्राचीन वास्तूत पूजा चालू आहे, तेथे ते आपल्याही वाट्याला येणारच आहे.