अम्मींच्या खोलीचे पाच फूट

गेल्या रमजानमध्ये जुळे सोलापुरातल्या एका घरात सहरीचं ताट रोज सतरा पायऱ्या चढून वर जात होतं. पहाटे चारच्या सुमारास खाली स्वयंपाकघरात तव्याचा, डेगचीच्या झाकणाचा आवाज सुरू व्हायचा, नातवंडांना हाका पडायच्या आणि वरच्या खोलीत चौऱ्याहत्तर वर्षांच्या अम्मी पलंगावर बसून ते सगळं ऐकायच्या. नात ताट घेऊन यायची, पण तिलाही खाली जाऊन आपलं खाणं आटपायचं असायचं. सहरीचा घास एकटीने खायची वेळ अम्मींवर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. दिवसातून एकदा, इफ्तारच्या आधी, मुलगा हात धरून त्यांना खाली आणायचा. घरातले पुरुष तरावीहची नमाज पढून मशिदीतून परत आले की पुन्हा वर. दोन्ही गुडघ्यांनी जिन्याला केव्हाच नकार दिला होता.

घर तसं मोठं आहे, पण खाली दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि मोरी, तर निजायच्या दोन्ही खोल्या वर. नव्वदच्या दशकात बांधताना असंच बांधत. बांधणारे अम्मींचे शोहर, म्हणजे यजमान, उर्दू शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी हौसेने एका बाजूला वीस फूट लांब, अकरा फूट रुंद गॅरेज काढलं होतं, वर पहिल्या मजल्याचा स्लॅब आणि पुढे लोखंडी शटर. (आपल्याकडे गॅरेज म्हटलं की आधी मिस्त्री आणि ऑइलचे डबे डोळ्यांपुढे येतात. घरच्या गॅरेजला वेगळा शब्द कुणी केलाच नाही.) मरहूम मुख्याध्यापकांनी गाडी कधी घेतली नाही. गॅरेजमध्ये त्यांची स्कूटर राहिली, नंतर पुस्तकांच्या पेट्या आणि लग्नकार्याची मोठी भांडी. गाडी आली ती मुलाच्या काळात, छोटी, जुनी, हप्त्यांवर.

ईद झाल्यावर मुलाने ठरवलं की गॅरेजची खोली करायची. बेत सोपा होता. शटर काढायचं, त्या जागी भिंत, एक खिडकी, मागे न्हाणीघर आणि संडास, दिवाणखान्याकडून एक दार. पुढच्या रमजानपर्यंत अम्मी खाली. घरात सगळ्यांना पसंत पडलं. अम्मींनी एवढंच विचारलं, “गाडी कां लगाते रे?”

“रस्त्यावर. सगळेच लावतात.”

त्यात खोटं काही नव्हतं. त्या गल्लीत ज्यांच्याकडे गॅरेज होतं त्यांच्यापैकी कुणी तिथे शिकवणी चालवतं, कुणी शिवणकाम, कुणी किराणा. गाड्या दोन्ही बाजूंनी रस्त्यावर. वीस फुटांच्या रस्त्यातून मधे उरते ती जेमतेम एका रिक्षाची वाट. मुलाने फोनवर धाकट्या भावालाही साक्षीला घेतलं. तो कॅलिफोर्नियात असतो. तिकडे घरांची एवढी टंचाई आहे की गॅरेजची राहती जागा करायला कायद्यानेच वाट मोकळी केली आहे. २०१७ पासून नियम सैल होत गेले आणि २०२० पासून तर गॅरेजचं घर केलं म्हणून बदल्यात दुसरीकडे गाडीची जागा दाखवा, असा आग्रह स्थानिक प्रशासनाला धरता येत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना तिथे ठेवणारेही पुष्कळ. धाकट्याने हे सगळं उत्साहाने सांगितलं. अम्मींनी फोन कानाशी धरून ऐकलं आणि म्हणाल्या, “वां के रस्ते कितने चौडे हैं, वो बी बोल ना.”

अम्मींच्या मनात काय होतं ते घरातल्या कुणाला विचारायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी समोरच्या घरातल्या काकांच्या छातीत रात्री कळ आली. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली, पण कोपऱ्यावरच थांबली. पुढे येईना. काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं आणि उभ्या गाड्यांच्या आरशांना चुकवत कोपऱ्यापर्यंत नेलं. अम्मी वरच्या खिडकीतून पाहत होत्या. काका परत आले नाहीत. त्या चार-पाच मिनिटांमुळेच गेले असं कुणी म्हटलं नाही, डॉक्टरांनीही नाही, आणि ते कुणाला सांगताही येणार नाही. समोरच्या अक्कांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्या रात्री रस्त्यावर ज्यांच्या गाड्या होत्या, त्यांच्यातली काही माणसं अजून अक्कांशी बोलताना नजर चुकवतात.

इस्लाममध्ये माणसावर दोन प्रकारचे हक्क सांगितले आहेत, अल्लाहचे आणि बंद्यांचे, म्हणजे माणसांचे. नमाज-रोजा हा पहिल्या खात्यातला. त्यात कसूर झाली तर तौबा करता येते. दुसऱ्याच्या हक्काची बाब मात्र त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटत नाही, असं उलेमा सांगत आले आहेत. या दुसऱ्या खात्यात रस्ताही येतो. वाटेत बैठक मारणाऱ्यांना पैगंबरांनी रस्त्याचा हक्क द्यायला सांगितल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कुणाला त्रास होऊ न देणं हा त्या हक्काचा एक भाग. वाटेतली अडचण दूर करणं ही ईमानची एक शाखा असल्याचंही सांगितलं जातं. रमजानच्या बयानात हे दरवर्षी ऐकायला मिळतं, आणि बयान ऐकायला येणाऱ्यांच्या गाड्या मशिदीबाहेर कशा लागलेल्या असतात तेही दरवर्षी दिसतं.

अम्मींचा आग्रह मात्र त्याहून पुढचा होता. त्यांना नव्या खोलीत एतेकाफला बसायचं होतं. रमजानच्या विसाव्या रोजाच्या सूर्यास्तापासून ईदचा चांद दिसेपर्यंत जगाचा व्यवहार बाजूला ठेवून एका जागी इबादतीत राहायचं, त्याला एतेकाफ म्हणतात. पुरुष मशिदीत बसतात. हनफी परंपरेत बायका घरातच नमाजसाठी राखून ठेवलेल्या जागेत बसतात आणि वुजू, संडास अशा गरजेपुरत्याच तिथून उठतात. वरच्या मजल्यावर ते कधी जमलं नव्हतं. खोलीत मुलं झोपायची आणि न्हाणीघर लांब. आता जमणार होतं. पण दुसऱ्यांची वाट अडवून मिळालेल्या जागेत दहा दिवस तोंड पश्चिमेला करून बसायचं कसं, हे त्यांना उमगत नव्हतं.

इथे मुलाची बाजूही समजून घ्यायला हवी. आईला खाली आणायचं हा काही चैनीचा बेत नव्हता. गाडी विकावी तर त्याची नोकरी चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत, पाळीची. त्याला वाटलं, अम्मींच्या सोयीसाठी चाललंय आणि अडवतायतही अम्मीच. दोन महिने शटर तसंच राहिलं.

वाट निघाली ती नकाशा काढायला आलेल्या इंजिनिअरकडून, आणि तीही कायद्याच्या अडचणीतून. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. गाडीसाठी राखलेली जागा साधारणपणे चटई क्षेत्रात धरत नाहीत. तिची खोली केली की ती धरली जाते, म्हणून सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो आणि गाडीची जागा दुसरीकडे कुठे ते दाखवावं लागतं. पुष्कळजण हे करत नाहीत. मग घर विकताना, कर्ज काढताना किंवा शेजाऱ्याने तक्रार केल्यावर शटरमागची खोली अचानक अनधिकृत ठरते. इंजिनिअरने टेप लावला. कंपाउंडच्या गेटपासून गॅरेजच्या शटरपर्यंत दहा फूट. लहान गाडीच्या जागेची लांबी कागदावर साडेचार मीटर लागते, म्हणजे पावणेपंधरा फूट. तो म्हणाला, “भिंत शटरच्या जागी घेऊ नका. पाच फूट आत घ्या. गाडीचं नाक स्लॅबखाली जाईल आणि गेट लागेल.”

पाच फूट म्हणजे पंचावन्न चौरस फूट जागा. लहान घरात तेवढ्यात एक स्वयंपाकघर होतं. सुनेने कपाटाचं काय ते विचारलं, मुलाने लग्नाच्या भांड्यांचं. अम्मींनी खडू मागवला. मुलगा हात धरून त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेला, खुर्ची टाकली, आणि त्यांनी बसल्या बसल्या नातवाकडून फरशीवर पलंग, दार, न्हाणीघर असं सगळं आखून घेतलं. मग वॉकर घेऊन त्या रेघांमधून स्वतः फिरल्या. वळायला जागा पुरत होती. भांडी मदरशाला देऊन टाका, म्हणाल्या. ती अजून दिलेली नाहीत, गच्चीवर आहेत.

पुढचं काम गवंड्याचं, आणि गॅरेजची खोली करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असं. गॅरेजची फरशी घरापेक्षा दीड फूट खाली होती आणि पाणी बाहेर जावं म्हणून तिला उतार होता. तशीच टाइल बसवली असती तर पावसाळ्यात ओल आणि दारात तीन पायऱ्या, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. म्हणून मुरमाची भर घालून, थराथराने पाणी मारून, धुम्मसने ठोकून ती घराच्या पातळीला आणली. भर नीट बसायला वेळ द्यावा लागतो. घाई केली की वर्षाच्या आत टाइल पोकळ वाजू लागते. उंची वाढल्याचा एक फायदा असा झाला की संडासाच्या पाइपला मागच्या चेंबरपर्यंत हवा तेवढा उतार मिळाला. वरचा स्लॅब घराचाच असल्यामुळे छताची उंची पुरेशी राहिली. सुटं बांधलेलं, पत्र्याचं गॅरेज असतं तर एवढी भर घातल्यावर डोकं छताला लागलं असतं, आणि सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली म्हातारं माणूस ठेवायचं नसतंच.

हवेचा प्रश्न होता. राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या, उष्ण भागात खिडक्या-झरोके मिळून खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश उघडी जागा असावी असं आहे, दमट भागात एक षष्ठांश. गॅरेजला शटर हीच एक उघडी बाजू असते आणि ती तर बंद झाली. उत्तरेच्या भिंतीत चार बाय साडेतीनची खिडकी काढली. पुढच्या भिंतीला, जिथे गाडी येऊन थांबते, फक्त वर झरोका ठेवला. आणि गाडी नाकाने आत घ्यायची, मागे घेत आणायची नाही, असा नियम केला. म्हणजे धूर रस्त्याकडे. विजेचं मीटर गॅरेजमध्येच होतं, ते त्या मोकळ्या राहिलेल्या पाच फुटांत बाहेर काढलं. आता मीटर वाचायला येणाऱ्याला घरात यावं लागत नाही.

एक वाद कमोडवरून झाला. मागची भिंत पश्चिमेची, ड्रेनेजची लाइन तिच्यापलीकडे, म्हणून प्लंबरने कमोड त्याच भिंतीला लावून दिला असता. पण मुस्लिम घरात संडासात किब्ल्याकडे, म्हणजे काबागृहाच्या दिशेला, तोंड किंवा पाठ करून बसत नाहीत. आपल्याकडून ती दिशा पश्चिमेची. कमोड दक्षिणोत्तर बसवावा लागला आणि पाइपला एक वळण जास्त पडलं. गवंड्याने हे प्लंबरच्या आधीच ओळखलं होतं. या शहरात गवंडीकाम करणाऱ्याला एका घरी वास्तुशास्त्र पाळावं लागतं, दुसऱ्या घरी किब्ला, आणि त्याला दोन्ही याद्या तोंडपाठ असतात.

न्हाणीघराला अकरातले सात फूट गेले. शेजारी चार बाय चार फुटांचा कोनाडा उरला, पश्चिमेच्या भिंतीला लागून. नकाशात तिथे कपाट होतं. अम्मींनी कपाट होऊ दिलं नाही. गुडघ्यांमुळे त्या खुर्चीवर बसून नमाज पढतात. खुर्ची, समोर रेहलवर कुराण, बाजूला पाण्याची बाटली, एवढं तिथे बरोबर मावतं.

यंदाचा रमजान सुरू झाला तेव्हा रंगाचा वास पुरता गेला नव्हता. पहिल्या सहरीला अम्मी इतरांच्या आधी उठून स्वयंपाकघराच्या दारात वॉकर धरून उभ्या होत्या आणि कांद्यात मीठ जास्त पडतंय हे सुनेला तिथूनच सांगत होत्या. सुनेने नंतर नणंदेला फोनवर सांगितलं, वर होत्या तेच बरं होतं. दोघी हसल्या असाव्यात.

गल्ली बदललेली नाही. बाकीच्या गाड्या आहेत तिथेच आहेत. शेजारच्या एकाने येऊन पाच फूट फुकट घालवल्याबद्दल मुलाची समजूतही घातली. समोरच्या अक्का खोली पाहायला आल्या, कोनाड्याबाहेरच चपला काढल्या, भिंतीला हात लावून ओल आहे का पाहिलं. बाहेर पडताना त्या गाडी आणि गेट यांच्यामधल्या जागेत थोडा वेळ थांबल्या. मग गेट स्वतः ओढून घेऊन गेल्या.

विसावा रोजा अजून यायचा आहे. कोनाड्याला लावायचा पडदा विजापूर वेशीतल्या मीना बाजारातून आणायचा, रंग हिरवा नको, मळकट दिसतो, असं अम्मींनी नातीला बजावलं आहे. रात्री तरावीह झाल्यावर मुलगा मशिदीतून येतो, गाडी नाकाने आत घेतो, उतरून मागचा बंपर पाहतो आणि गेट ओढतो. कधी कधी चार बोटं कमी पडतात, मग पुन्हा बसून गाडी पुढे घ्यावी लागते. कडीचा आवाज झरोक्यातून आत जातो. तो आला नाही, तर आतून विचारणा होते, “लगी क्या रे?”