सीझनच्या मध्यात ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला काढावं का?

आजचा विषय आहे अमेरिकन फुटबॉल, म्हणजे एनएफएल. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात, तो. दरवर्षी नोव्हेंबर आला की तिकडे एक प्रश्न हमखास निघतो. टीम हरतेय, पॉइंट्स होत नाहीयेत, तर ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला आत्ताच काढायचं की सीझन संपेपर्यंत थांबायचं? सीझन फक्त १७ मॅचेसचा, त्यामुळे विचार करायलाही फार वेळ नसतो. आणि पणाला फक्त एका माणसाची नोकरी नसते, एखाद्या नवख्या क्वार्टरबॅकचं करिअरही असतं.

हा माणूस नेमकं करतो काय?

आपल्या टीमकडे बॉल असताना पुढचा डाव कोणता खेळायचा, हे बहुतेक टीम्समध्ये हा ठरवतो. काही ठिकाणी हेड कोच ते काम स्वतःकडे ठेवतो. एका मॅचमध्ये साधारण ६०-६५ डाव होतात. प्रत्येक डावाआधी ४० सेकंदांचं घड्याळ चालू असतं. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद पडतो. म्हणजे निर्णय घ्यायचा, सांगायचा आणि पोरांनी उभं राहायचं, सगळं त्या अवधीत.

याशिवाय आठवड्याचा गेम प्लॅन आणि एकूण प्लेबुक हेही त्याच्याच खात्यात. आता खरी मेख इथे आहे. सीझनच्या मध्यात माणूस बदलला तरी प्लेबुक बदलत नाही. शेकडो डाव, त्यांचे कोडवर्ड, सगळं उन्हाळ्यात पाठ झालेलं असतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर रिलीजच्या मध्यात टेक लीड बदलला, पण कोडबेस तोच राहिला. खेळाडू तेच, जखमी असतील ते जखमीच. बदलते ती फक्त निवड: कधी धावायचं, कधी पास टाकायचा.

जिथे जमलं

सगळे जण ज्याचा दाखला देतात ती केस २०१२ ची. बाल्टिमोर रेव्हन्स ९-४ वर होते, तरी डिसेंबरमध्ये त्यांनी कॅम कॅमेरॉन यांना काढलं. सीझन तेव्हा १६ मॅचेसचा, म्हणजे तीनच उरलेल्या. क्वार्टरबॅक्सचे कोच जिम कॉल्डवेल यांच्याकडे सूत्रं आली. पुढची मॅच डेन्व्हरविरुद्ध, आणि ३४-१७ ने हरले! पण प्लेऑफ्समध्ये क्वार्टरबॅक जो फ्लॅको याने ११ टचडाउन पास टाकले, एकही इंटरसेप्शन नाही, आणि रेव्हन्सनी सुपर बोल ३४-३१ ने जिंकला.

गोष्ट इथेच थांबवली तर धडा चुकीचा निघेल. प्लेऑफ्सच्या तोंडावर रेव्हन्सनी क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी ऑफेन्सिव्ह लाइनही बदलली होती. ब्रायंट मॅकिनी परत आला, मायकल ओहर दुसऱ्या बाजूला गेला. फ्लॅकोला जास्त वेळ मिळाला, त्यात या बदलाचाही वाटा होता.

दुसरी केस बफेलो बिल्स, २०२३. डेन्व्हरविरुद्ध २४-२२ असा पराभव, रेकॉर्ड ५-५, आणि दुसऱ्याच दिवशी केन डॉर्सी बाहेर. गंमत बघा, त्या मॅचमध्ये शेवटची फील्ड गोल किक डेन्व्हरने चुकवली होती. पण बिल्सचे १२ खेळाडू मैदानात होते, म्हणून किक पुन्हा मिळाली. ही चूक स्पेशल टीम्सची, कोऑर्डिनेटरची नाही. पण बिल्सने त्याच मॅचमध्ये चार वेळा बॉलही गमावला होता, ते दुखणं ऑफेन्सचंच. जो ब्रेडी आले. डॅलसविरुद्ध जेम्स कुकच्या हातात बॉल देत राहिले, त्याने १७९ यार्ड धाव घेतली. शेवटच्या सातपैकी सहा मॅचेस जिंकून बिल्स ११-६ वर आले. पण लक्षात घ्या, त्यांच्याकडे जॉश ॲलनसारखा क्वार्टरबॅक आधीपासूनच होता.

जिथे नाही जमलं

त्याच नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सनी ६-४ वर असताना मॅट कॅनडा यांना काढलं. १९४१ नंतर या टीमने सीझन चालू असताना कोच काढल्याची ही पहिलीच वेळ. पुढच्याच मॅचला ४२१ यार्ड! सगळीकडे जल्लोष. पण स्कोअर पाहिला तर पॉइंट्स फक्त १६. नंतर २-१० वर असलेल्या दोन टीम्सकडून लागोपाठ हरले. गाडी रुळावर आली ती मेसन रुडॉल्फ हा क्वार्टरबॅक आल्यावर.

आणि शिकागो बेअर्स, २०२४. पहिल्या नंबरला निवडलेला केलेब विल्यम्स, सलग दोन मॅचेसमध्ये टीमचा एकही टचडाउन नाही, शेन वॉल्ड्रन बाहेर. थॉमस ब्राउन आले. तीन आठवड्यांच्या आत हेड कोचही गेले आणि ब्राउनच हंगामी हेड कोच झाले. ४-५ वरून टीम ५-१२ वर संपली. विल्यम्सला सीझनभरात ६८ वेळा सॅक केलं गेलं. समोर लाइन टिकत नसेल, तर हेडसेटमधला आवाज बदलून किती फरक पडणार?

मग ठरवायचं कसं?

माझ्या मते आधी तीन प्रश्न विचारावेत.

१. दुखणं निवडीत आहे की माणसांत? चांगले खेळाडू असून त्यांच्या हातात बॉलच जात नसेल, तर बदल करा. लाइनच फुटत असेल, तर थांबा.

२. घरात तयार माणूस आहे का? तेच प्लेबुक तोंडपाठ असलेला, क्वार्टरबॅकचा विश्वास असलेला. कॉल्डवेल आणि ब्रेडी दोघेही आधी तिथे क्वार्टरबॅक्सचे कोच होते.

३. पुढच्या दोन मॅचेस हरलो तरी निर्णय बरोबर वाटेल का? नसेल, तर ती फक्त चाहत्यांचा राग शांत करायची धडपड आहे.

एक सावधगिरी. टीम सगळ्यात वाईट खेळत असते तेव्हाच माणूस काढला जातो. त्यानंतर थोडी सुधारणा तशीही होतेच. तिचं सगळं श्रेय नव्या माणसाला देऊन मोकळं होऊ नका.

म्हणून माझं उत्तर: तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर डिसेंबरची वाट बघू नका. एकही 'नाही' असेल, तर जानेवारीपर्यंत कळ काढा आणि त्या वेळात लाइन सुधारा.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!