परस्परतेचा करार : खानदेशातील रोटरीचे आंतरराष्ट्रीय साहाय्य व युवा-विनिमय

रोटरी क्लबच्या एखाद्या मोठ्या कामाची पाटी रुग्णालयाच्या भिंतीवर किंवा नाल्यावरील बंधाऱ्यावर आढळली, तर ती सावकाश वाचून पाहावी. अशा पाटीवर पुष्कळदा दोन गावांची नावे असतात. एक आपल्याकडचे, दुसरे कोठल्या तरी परदेशातील. वाचणारा साहजिकच असा अर्थ घेतो, की त्या दूरच्या गावाने दान दिले व आपल्या गावाने ते स्वीकारले. हा अर्थ पूर्णपणे चुकीचा नसला तरी अपुरा आहे. दुसरे नाव तेथे आभारापोटी आलेले नसून नियमापोटी आलेले असते. दोन देशांतील दोन क्लबांनी मिळून मागणी केल्यावाचून या जातीचे अनुदान मिळतच नाही. ही जोडी कशासाठी, तिचे खानदेशात काय होते आणि तिच्या बाहेर कोण राहतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. युवा-विनिमयाची योजनाही याच तत्त्वावर उभारलेली असल्याने दोहोंचा विचार एकत्र करणे सोयीचे होईल.

प्रथम संस्थेच्या मूळ घडणीविषयी थोडेसे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांना एकत्र बोलाविले. त्यांपैकी एक कोळशाचा व्यापारी, दुसरा खाण-अभियंता व तिसरा शिंपी होता. सभा आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत भरत, म्हणून नाव रोटरी. एका क्लबात एका व्यवसायाचा एकच प्रतिनिधी असावा, असा आरंभीचा दंडक होता. पुढे तो बराच सैल झाला. परंतु डॉक्टर, वकील, सराफ, जिनिंगवाला, डाळमिलवाला, शिक्षक अशी विविध धंद्यांची माणसे एका टेबलाशी बसविण्याची पद्धत मात्र टिकली. जळगाव किंवा धुळे यांसारख्या व्यापारी शहरात या रचनेचे महत्त्व विशेष आहे, कारण एखादे काम अंगावर घेताच त्याला लागणारे हिशेबनीस, कंत्राटदार व वैद्य हे सभासदांतच सापडतात. भारतात ही चळवळ १९१९ मध्ये कलकत्त्यास आली. जळगाव व धुळे येथील क्लब नाशिक, नागपूर यांच्याबरोबर ३०३० क्रमांकाच्या ‘डिस्ट्रिक्ट’मध्ये मोडत आले आहेत. येथील ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. मराठी रोटेरियन त्याला प्रांत म्हणतात व त्याच्या प्रमुखाला प्रांतपाल. हा शब्द नकळत अधिक अचूक ठरला आहे.

आंतरराष्ट्रीय साहाय्याचा खजिना म्हणजे रोटरी प्रतिष्ठान. १९१७ मध्ये आर्च क्लम्फ यांनी त्याची कल्पना मांडली. पहिली देणगी आली ती अवघी साडेसव्वीस डॉलरांची. पॉल हॅरिस १९४७ मध्ये निवर्तले, त्यांच्या स्मरणार्थ देणग्यांचा ओघ सुरू झाला व त्याच वर्षी अठरा विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. म्हणजे प्रतिष्ठानच्या पैशातून पहिला मोठा उपक्रम झाला तो माणसे पाठविण्याचा. औषधे व यंत्रे नंतर आली. १९६५ मध्ये दोन योजना एकदमच निघाल्या. एका योजनेत दोन देशांतील क्लबांनी जमविलेल्या रकमेत प्रतिष्ठान आपली भर घाली. दुसरीत रोटरीचे सभासद नसलेल्या तरुण व्यावसायिकांचा एक गट, एका रोटेरियनच्या नेतृत्वाखाली, परदेशातील एखाद्या प्रांतात चार ते सहा आठवडे घरोघर राहून आपापल्या व्यवसायाचा अभ्यास करी. पैशाची जोडी व माणसांची जोडी अशा या जुळ्या योजना होत्या. २०१३ मध्ये नवी पद्धती लागू झाली, तेव्हा दोन्ही मूळ स्वरूपात बंद पडल्या व त्यांची जागा ‘ग्लोबल ग्रँट’ने, म्हणजे वैश्विक अनुदानाने, घेतली.

या अनुदानाची रीत थोडक्यात अशी. प्रकल्पाचा एकूण खर्च किमान तीस हजार डॉलर असावा लागतो. जेथे काम व्हावयाचे तेथील यजमान क्लब व दुसऱ्या देशातील सहयोगी क्लब हे दोघे मिळून अर्ज करतात. दोन्ही प्रांत आपापल्या राखीव निधीतून वाटा उचलतात व प्रतिष्ठान आपल्या जागतिक निधीतून त्यात भर टाकते. प्रांताचा राखीव निधी येतो कोठून? सभासदांनी वार्षिक निधीस दिलेली रक्कम तीन वर्षे गुंतवून ठेवली जाते व त्यानंतर तिचा जवळजवळ निम्मा भाग त्याच प्रांताकडे परत येतो. अर्थात जळगावच्या एखाद्या व्यापाऱ्याने आज दिलेली देणगी तीन वर्षांनी दुसऱ्या कोठल्या देशातील विहिरीच्या कामी येणे सर्वस्वी शक्य आहे, आणि उलटेही. शिवाय अलीकडच्या कित्येक वर्षांत प्रतिष्ठानला मिळणाऱ्या देणग्यांत अमेरिकेच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागत आला आहे. तेव्हा ‘परदेशी मदत’ या शब्दाने जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते ते येथे लागू पडत नाही. पाटीवरील परदेशी गावाची रक्कम कधी कधी नाममात्र असते व पैशाचा मोठा भाग भारतीय सभासदांच्या खिशातून आलेला असतो.

मग त्या परदेशी सहयोग्याची आवश्यकता काय? माझ्या मते त्याचे खरे कार्य साक्षीदाराचे आहे. कामाशी ज्याचा गावकीचा, नात्यागोत्याचा किंवा व्यापाराचा संबंध नाही असा कोणी तरी अहवालावर सही करतो, प्रश्न विचारतो, क्वचित येऊन पाहूनही जातो. आपल्या सार्वजनिक कामांत अशा तिऱ्हाइताची उणीव नेहमी भासते. विदेशी अंशदान नियमनाच्या २०१० च्या कायद्याने, व विशेषतः त्यातील २०२० च्या दुरुस्तीने, परदेशी पैसा दिल्लीतील ठरावीक बँकशाखेतील खात्यातच उतरावा आणि एका संस्थेने तो दुसरीकडे वळवू नये, असे बंधन घातल्यापासून कागदोपत्री देखरेख आणखीच वाढली आहे.

तथापि, जोडीचे तत्त्व मान्य केले तरी एक अडचण उरते. जोडी दोन क्लबांची असते; ज्याच्यासाठी काम करावयाचे तो या करारात पक्षकार नसतो. क्लबांनी द्यावयाचा वाटा लाभार्थ्यांकडून वसूल करता येत नाही, हा नियम अतिशय योग्य आहे. पण त्याचा एक परिणाम असा, की पैसे देणारा व काम वापरणारा यांच्यात हिशेबाचे नातेच राहत नाही. २०१८ पासून अर्जापूर्वी समाजाच्या गरजांची पाहणी सक्तीची झाली, ती हीच उणीव भरून काढण्यासाठी असावी.

रक्तशुद्धीकरणाच्या यंत्राचे उदाहरण घेतल्यास हा मुद्दा स्पष्ट होईल. डायलिसिसचे यंत्र ही अशा अनुदानातून घेतली जाणारी नेहमीची वस्तू होय. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राशी बसावे लागते. मिनिटाला अर्धा लिटर द्रव या हिशेबाने एका बैठकीत जवळजवळ १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. आता खानदेशातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड. ते शुद्ध करताना गाळणीचे पडदे लवकर चोंदतात व जेवढे पाणी हाती येते त्याच्या बरोबरीने वाया जाते. अनुदान यंत्राची किंमत देते. रोजचा खर्च, पगार व वर्षानुवर्षांची दुरुस्ती यांची तरतूद स्थानिकांनी करावयाची असते. तेव्हा यंत्र किती दिले याची संख्या महत्त्वाची नाही. पाचव्या वर्षी ते आठवड्यातून किती दिवस चालते, हे पाहिले पाहिजे. येथे सरकारी योजनेने परिस्थिती बरीच बदलली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये प्रथम आठ जिल्ह्यांत आली, त्यांत धुळे होते. पुढे ती साऱ्या राज्यात लागू झाली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. डायलिसिसचा खर्च तीत समाविष्ट असल्याने दिलेल्या यंत्राला चालू उत्पन्नाचा आधार मिळाला. दात्यांच्या जोडीत राज्यसंस्था हा तिसरा घटक आला तेव्हाच दान टिकाऊ झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

पाण्याच्या कामांत खानदेशापुढे एक वेगळाच नमुना आहे. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाने नाले खोल व रुंद करून त्यांवर बिनदाराचे बंधारे घालण्यात आले. त्यामागे स्थानिक नेतृत्वाचे व स्थानिक पैशाचे बळ होते. परदेशी सहयोग्याची गरज पडली नाही. मात्र तसा आश्रयदाता प्रत्येक तालुक्याच्या नशिबी नसतो. क्लबांच्या अनुदानाचे क्षेत्र तेथूनच सुरू होते.

जोडीच्या पद्धतीला मोठा अपवाद आहे तो पोलिओ-निर्मूलनाचा. १९८५ मध्ये रोटरीने हे कार्य हाती घेतले, तेव्हा १२ कोटी डॉलर जमविण्याचा संकल्प होता. १९८८ पर्यंत सुमारे २४ कोटी ७० लाख जमले. येथे गावागावांची जोडी नाही. एकच निधी, एकच रोग व यशाचे मापही एकच: रुग्णांची संख्या. भारतात पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झाला, व त्याच्या खर्चाचा मोठा भार भारत सरकारने स्वतः उचलला. क्लबांचे काम होते बूथवर माणसे बसविण्याचे आणि साशंक मोहल्ल्यांत विश्वास निर्माण करण्याचे. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. त्या वर्षी रोग धुळ्याच्या शेजारी, मालेगावात, प्रकटला. आग्रा रस्त्याने जोडलेल्या व यंत्रमागाच्या धंद्याने एकमेकांत गुंतलेल्या या दोन शहरांतील अंतर विषाणूला फारसे नव्हते. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला व मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ज्या मुलाला डोस द्यावयाचा त्याच्या आईचा होकार हाच येथे करारातील निर्णायक पक्ष होता. जोडीच्या प्रकल्पांत जो बाहेर राहतो तो या मोहिमेत केंद्रस्थानी आला, आणि आईने नकार दिला तर सारा निधी निरुपयोगी ठरत असे.

आता युवा-विनिमय. त्याची सुरुवात १९२७ मध्ये फ्रान्समधील नीस येथील क्लबाने केली असे मानतात. पंधरा ते एकोणीस वर्षांची मुले परदेशातील कुटुंबात राहतात. दीर्घ मुदतीच्या योजनेत ती एक शैक्षणिक वर्षभर तेथील शाळेत जातात व एकाहून अधिक घरांत पाहुणचार घेतात. अल्प मुदतीच्या योजनेत काही आठवडे. विमानभाडे व विमा पालकांनी भरावयाचा. यजमान कुटुंबाला मोबदला नाही. आपले मूल जसे जाते तसे तिकडचे येते, हा परस्परतेचा सर्वांत उघड नमुना होय. अनुदानात पैशाची देवघेव असते, येथे घराची.

खानदेशात या देवघेवीच्या आड प्रथम पंचांग येते. युरोप-अमेरिकेतील शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरतात, आपल्या जूनमध्ये. त्यांची मोठी सुटी जुलै-ऑगस्टची. आपली एप्रिल-मेची, जेव्हा जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. त्याहून कठीण अडचण वयाची. पंधरा ते एकोणीस हीच आपल्याकडे दहावी-बारावीची व प्रवेशपरीक्षांची वर्षे. परदेशात घालविलेले वर्ष बहुतेक वेळा मागे पडलेले वर्ष ठरते; कोणता पालक ते सहजी मान्य करील? म्हणून अल्प मुदतीचा विनिमय आपल्याकडे अधिक मानवतो. पाहुणे मूल वर्षासाठी आले, तर परकीय नागरिक म्हणून त्याची नोंद जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत करावी लागते, हेही यजमानाच्याच कामांत मोडते.

याहून महत्त्वाचे हे, की घर देण्यासाठी घरात जागा लागते. ज्या कुटुंबात एक खोली मोकळी आहे, तिकिटाचा खर्च परवडतो व कोणी तरी इंग्रजी बोलते, तेच या योजनेत येऊ शकते. अनुदानात लाभार्थी बाहेर राहतो, तसा येथे खानदेशातील बहुसंख्य तरुण बाहेर राहतो. पाहुण्यालाही त्याची झळ लागते. धुळ्यात राहणाऱ्या मुलाशी यजमान इंग्रजीत बोलणार, फार तर प्रमाण मराठीत. अहिराणी त्याच्या कानी पडेल ती बाजारात. रावेर-यावलच्या बाजूस लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी व भिली. वर्षभर राहूनही या भाषांची ओळख न होता तो परत जाऊ शकतो.

याच भूमीत विनिमयाची दुसरी एक कल्पना निर्माण करणारा शिक्षक होऊन गेला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले व तेथील छात्रालय सांभाळले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरून घेतली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी आंतरभारतीचा ध्यास घेतला होता. एका प्रांतातील माणसाने दुसऱ्या प्रांतातील भाषा शिकावी, तेथील जीवन आपलेसे करावे, अशी ती कल्पना. जून १९५० मध्ये ते गेले. रोटरीच्या योजनेशी तिचे साम्य परक्याच्या जीवनात मिसळण्यात आहे. पण भाषा शिकणे ही आंतरभारतीत मूळ अट आहे, तर युवा-विनिमयात ती अपेक्षा असली तरी आपल्याकडे इंग्रजी तिची जागा भरून काढते. अमळनेरच्या छात्रालयातील मुलांजवळ मोकळी खोली नव्हती, हाही फरक लहान नाही.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना यात संशोधनाचा एक सरळ विषय सापडण्यासारखा आहे. दोन्ही जिल्ह्यांतील क्लबांची दप्तरे व यजमान कुटुंबांच्या मुलाखती यांवरून कोणत्या घरांनी पाहुणे ठेवले, त्या घरांचा व्यवसाय काय होता, पाहुणा कोणती भाषा शिकून गेला व परत आलेले आपले मूल पुढे कोठे स्थायिक झाले, याची नोंद करता येईल. त्याच्याच जोडीला अनुदानातून आलेल्या यंत्रांची पाचव्या व दहाव्या वर्षीची स्थिती पाहावी. हे काम दूरचे नाही. बहुतेक दप्तरे जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, शिरपूर येथेच, बसच्या एका दिवसाच्या अंतरावर आहेत.