व्हीएमची डिस्क वाढवली, तरी सी ड्राइव्ह फुलच? धुरा अजून तिथेच आहे!

कापसाचा हंगाम सुरू झाला की अकोला-अमरावतीच्या ओळखीतल्या लोकांचा एक फोन ठरलेला असतो. "भाऊ, डिस्क त वाढवली, पण जागा काई वाढली नाई!" बोलणारा बहुतेक वेळा एखाद्या जिनिंगच्या ऑफिसातला पोरगा असतो. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात विंडोज ७ ठेवलेलं. व्हीएम बनवताना डिस्क दिली ४० जीबी. तेव्हा ती भरपूर वाटली. आता डिसेंबरात ती भरलीय, सॉफ्टवेअर एंट्री घेत नाही आणि बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या. हिशेब अडला की शेतकऱ्यांचे चुकारे अडतात, त्यामुळे प्रकरण साधं नाही.

तर ही जागा जाते कुठे?

वऱ्हाडातल्या माणसाला हे शेताच्या उदाहरणाने लगेच कळतं. तुम्ही शेजारचे दोन एकर विकत घेतले. सातबाऱ्यावर क्षेत्र वाढलं. पण मधला धुरा जागच्या जागी आहे आणि नव्या तुकड्यात नांगर फिरलेला नाही. मग पीक जुन्याच शेतात येणार ना? व्हीएममध्येही असेच तीन थर असतात. व्हर्च्युअल डिस्क म्हणजे सातबाऱ्यावरचं क्षेत्र. पार्टिशन म्हणजे धुऱ्याच्या आतला तुकडा. आणि फाइल सिस्टिम म्हणजे नांगरून पेरणीला तयार केलेली जमीन. व्हर्च्युअलबॉक्स फक्त पहिला थर वाढवतो. बाकीचे दोन व्हीएमच्या आत जाऊन आपल्यालाच वाढवावे लागतात.

हात लावण्याआधी व्हीएम पूर्ण शटडाउन करा (सेव्ह स्टेट नको) आणि व्हीडीआय फाइलची कॉपी दुसऱ्या हार्ड डिस्कवर घ्या. हंगामाचा सगळा हिशेब या एका फाइलमध्ये आहे, तेव्हा इथे आळस करू नका.

आता पहिला थर. व्हर्च्युअलबॉक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हे काम माऊसने होतं: व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर उघडा, डिस्क निवडा, साइजचा स्लायडर सरकवा, अप्लाय करा. कमांडनेच करायचं असेल तर व्हीबॉक्समॅनेजच्या मॉडिफायमिडियमला रिसाइझ हा पर्याय आहे. त्यात आकडा एमबीत द्यायचा, म्हणजे १०० जीबीसाठी १०२४००. नुसतं १०० लिहिलं तर त्याचा अर्थ १०० एमबी होतो, आणि डिस्क लहान करायला व्हर्च्युअलबॉक्स नकार देतो.

इथे एक खोच आहे. स्नॅपशॉट घेतलेले असतील तर व्हीएम मूळ डिस्कवर लिहीत नसते, ती वेगळ्या 'फरकाच्या' फाइलवर लिहीत असते. तुम्ही मूळ फाइल वाढवली तरी आत विंडोजला जुनाच आकार दिसतो. अशा वेळी आधी स्नॅपशॉट डिलीट करून सगळं एकत्र करा किंवा सध्याच्या स्थितीचा फुल क्लोन घेऊन तो वाढवा. दोन्हीसाठी मुख्य कॉम्प्युटरवर मोकळी जागा लागते, ती आधी बघून घ्या.

दुसरा-तिसरा थर. विंडोज ७ मध्ये हे सोपं आहे, कारण छोटं सिस्टिम पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीला असतं आणि सी शेवटी. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीच्या उजवीकडे काळी पट्टी दिसेल. सीवर राइट क्लिक, एक्स्टेंड व्हॉल्यूम, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. पार्टिशन आणि फाइल सिस्टिम दोन्ही एकदम वाढतात.

विंडोज १० किंवा ११ असेल तर मात्र बऱ्याचदा एक्स्टेंडचं बटण फिकट दिसतं. सी आणि रिकाम्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. तुमचं शेत आणि नवा तुकडा यांच्यामध्ये दुसऱ्याच कोणाची पट्टी असावी, तसं. विंडोज फक्त लागून असलेली जागाच जोडतं. यावर उपाय म्हणजे जीपार्टेडची आयएसओ लावून व्हीएम त्यावर बूट करायची, रिकव्हरी पार्टिशन पार शेवटी सरकवायचं आणि मग विंडोजमध्ये येऊन सी वाढवायचा. पार्टिशन सरकवताना डेटा खरोखर एका जागेवरून उचलून दुसरीकडे लिहिला जातो. त्याच वेळी लाइन गेली तर डेटा अर्धा इकडे, अर्धा तिकडे! आपल्याकडे लाइनचा भरवसा किती, हे मी सांगायला नको. हे काम यूपीएसवर किंवा चार्ज असलेल्या लॅपटॉपवरच करा.

अमरावतीकडून इंजिनिअरिंगच्या पोरांचा प्रश्न वेगळा असतो. त्यांच्याकडे उबुंटू सर्व्हर असतो. तिथे डिस्क वाढवण्याआधी व्हीजीएस ही कमांड देऊन बघा. उबुंटूचा इन्स्टॉलर एलव्हीएम वापरताना मध्यम आकाराच्या डिस्कची साधारण अर्धी जागा न वाटता राखून ठेवतो. म्हणजे जागा घरातच असते, वाढवायची गरजच नसते! नसेलच, तर क्रम असा: ग्रोपार्टने पार्टिशन, पीव्हीरिसाइझने एलव्हीएमला नवीन हद्द सांगणं, मग एलव्हीएक्सटेंड. एलव्हीएक्सटेंडला छोटा आर हा पर्याय जोडला की फाइल सिस्टिमही सोबतच वाढते. वेगळी कमांड लागत नाही आणि सर्व्हरही बंद करावा लागत नाही.

आता थोडं मुख्य कॉम्प्युटरबद्दल, कारण खरा घोळ पुढे तिथेच होतो. डायनॅमिक डिस्कला १०० जीबी दिले म्हणजे १०० जीबी लगेच अडत नाहीत. आत भरेल तशी फाइल फुगत जाते. त्यामुळे २५६ जीबीच्या एसएसडीवर १०० जीबीच्या चार व्हीएम बनवता येतात आणि कोणी अडवत नाही. मात्र त्या खरंच भरू लागल्या की एक दिवस मुख्य डिस्क संपते आणि व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम मध्येच थांबवतो. आत सी ड्राइव्हवर ५० जीबी मोकळे दिसतात, तरी काम बंद! हिशेबाच्या व्हीएमसाठी मी म्हणूनच फिक्स्ड डिस्क सुचवतो. जागा आधीच अडते, पण पुढे दगा होत नाही.

आणि उलट प्रश्न, कमी करण्याचा. व्हीएममधल्या फाइली डिलीट केल्या तरी डायनॅमिक व्हीडीआय आपोआप लहान होत नाही. आत एसडिलीट झेड पर्यायासह चालवून मोकळ्या जागेत शून्य भरायचे, व्हीएम बंद करायची आणि मॉडिफायमिडियमचा कॉम्पॅक्ट पर्याय द्यायचा. त्याने फाइल आटते, डिस्कचा जाहीर आकार तोच राहतो. तो आकारच कमी हवा असेल तर नवीन छोटी डिस्क बनवून तिच्यात सगळं क्लोन करावं लागतं. ते काम हंगाम संपल्यावर, निवांत एप्रिलमध्ये करा.