स्वस्त कांद्याची किंमत

२०२४ च्या संक्रांतीची गोष्ट. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी लासलगावकडचे मेहुणे मुक्कामाला आले होते. सौभाग्यवती बाजारातून पिशवी भरून आली आणि हर्षाने म्हणाली, "दादा, कांदा निम्म्यावर आला की हो!" मेहुण्यांचा हातातला घास हातातच राहिला. जरा वेळाने ते मला म्हणाले, "दाजी, तो निम्मा आमच्या खिशातनं गेलाय."

आदल्याच महिन्यात केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. मी मराठीचा मास्तर. अर्थशास्त्राशी माझा संबंध पगाराच्या तारखेपुरता. पण त्या रात्री मला एका फ्रेंच गृहस्थाची आठवण झाली.

फ्रेदेरिक बास्तिया १८०१ साली बायोन या बंदराच्या गावी जन्मला. नवव्या वर्षी पोरका झाला. पुढे आजोबांची जमीन वारशाने आली आणि शेती व वाचन यांतच जवळजवळ वीस वर्षे गेली. चाळिशी उलटल्यावर त्याने लेखणी हाती धरली आणि सहाच वर्षांत, १८५० साली, रोममध्ये डोळे मिटले. त्याचा १८४५ सालचा एक विनोदी अर्ज प्रसिद्ध आहे. मेणबत्तीवाले सरकारला विनवतात : सूर्य फुकट उजेड देऊन आमचा धंदा बुडवतो, तेव्हा साऱ्या खिडक्या बंद करण्याचा कायदा करावा! परदेशचा स्वस्त माल अडवणारी जकात म्हणजे हीच बंद खिडकी. अखेरच्या वर्षी त्याने बजावले, की कायद्याचा एक परिणाम डोळ्यांना दिसतो, बाकीचे दिसत नाहीत. हिशेब त्यांचाही मांडायला हवा.

तोच हिशेब आपल्याकडे शरद जोशींनी मांडला. १९३५ साली साताऱ्यात जन्मलेले जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसू लागले आणि १९८० साली कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांसह रस्त्यावर उतरले. २०१५ मध्ये ते गेले. बास्तिया भांडला ग्राहकासाठी, माल आत येऊ द्या म्हणून. जोशी भांडले शेतकऱ्यासाठी, माल बाहेर जाऊ द्या म्हणून. दार मात्र एकच.

"मग हातावर पोट असणाऱ्यानं महाग कांदा घ्यायचा का?" सौभाग्यवतीने विचारले. प्रश्न रास्तच होता.

"गरिबाला जरूर द्या," मेहुणे म्हणाले, "पण सगळ्यांनी मिळून द्या. एकट्या माझ्याच वावरातनं का?"

यावर मजपाशी उत्तर नव्हते. बंदी मे महिन्यात उठली. तोवर मेहुण्यांचा लाल कांदा विकून झाला होता.

सौभाग्यवती आजही मंडईत घासाघीस करते. पण कांदा स्वस्त मिळाला, की घरी आल्यावर आधी दादांना फोन लावते.