ताण : मारक आणि तारक

शाळेत वक्तृत्वस्पर्धा चालू आहे. व्यासपीठाजवळ दोन विद्यार्थिनी आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत बसल्या आहेत. दोघींच्याही छातीत धडधडत आहे, तळहातांना घाम सुटला आहे आणि घशाला कोरड पडली आहे. पहिलीच्या मनात येते, 'आता माझी फजिती होणार !' दुसरीच्या मनात येते, 'माझी वेळ आली. आता मन लावून बोलले पाहिजे.' शरीराची लक्षणे सारखीच. परंतु दोघींनी त्यांचा अर्थ निरनिराळा लावला.

ही लक्षणे म्हणजे आजार नव्हे. कठीण प्रसंग समोर येताच शरीर आपोआप सज्ज होते. मूत्रपिंडांवर असलेल्या दोन लहान ग्रंथी ॲड्रिनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात, यकृतात साठविलेली साखर रक्तात उतरते आणि स्नायूंना अधिक रक्त मिळते. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी चाललेली ही शरीराची तयारीच असते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिचे विवेचन केले आहे.

पुढे हान्स सेल्ये यांनी या विषयात मोलाची भर घातली. १९०७ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले हे संशोधक कॅनडातील माँट्रिऑल येथे प्रयोग करीत. उंदरांना कडाक्याच्या थंडीत ठेवले काय किंवा त्यांच्याकडून फाजील श्रम करविले काय, त्यांच्या शरीरात ठरावीक बदल घडून येतात, असे त्यांना आढळले. ही गोष्ट त्यांनी १९३६ साली प्रसिद्ध केली. दीर्घकाळ टिकणाऱ्या ताणाने शरीर खंगते, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु सर्वच ताण वाईट, असे मात्र त्यांनी मानले नाही. खचविणारा ताण आणि उभारी देणारा ताण असे त्यांनी दोन भेद केले. दुसऱ्या प्रकाराला त्यांनी 'चांगला' या अर्थाचा ग्रीक शब्द जोडून 'यूस्ट्रेस' असे नाव दिले. मराठीत त्यास हितकर ताण म्हणता येईल.

मग एकच प्रसंग एकाला खचवितो आणि दुसऱ्याला उभारी देतो, असे का व्हावे ? रिचर्ड लॅझारस या मानसशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासंबंधी एक प्रयोग केला. तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. सुतारकामाच्या कारखान्यातील अपघातांचा एक चित्रपट त्यांनी काही लोकांना दाखविला. त्यांपैकी काहींना, 'यातील माणसे नट आहेत, जखमा खोट्या आहेत,' असे आधीच सांगितले होते. अशी सूचना न मिळालेल्या प्रेक्षकांपेक्षा त्यांच्या शरीरावर ताणाची चिन्हे कमी दिसली. चित्रपट तोच, पाहण्याची दृष्टी तेवढी बदलली होती.

लॅझारस यांच्या मते अशा वेळी मन दोन प्रश्न विचारते : 'यात माझे काय पणाला लागले आहे ?' आणि 'याला तोंड देण्यास माझ्याजवळ काय आहे ?' दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असेल, तर संकटाचे आव्हान होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही विद्यार्थ्यांना सराव परीक्षेपूर्वी, 'छातीतील धडधड कामाला मदतच करते,' असे सांगण्यात आले. गणितात त्यांना इतरांपेक्षा अधिक गुण मिळाले.

याचा अर्थ नुसती दृष्टी बदलली की सर्व दुःखे दूर होतात, असा नव्हे. उपासमार, छळ किंवा जिवलगाचा वियोग यांचा ताण केवळ विचाराने हलका होत नाही. तेथे माणसाला माणसाचा आधार लागतो आणि तो मागण्यात कमीपणा नाही. शिवाय, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐन वेळी सापडत नाही. ते रोजच्या अभ्यासातून आधीच तयार व्हावे लागते.

तंबोऱ्याची तार सैल असेल तर सूर उमटत नाही; फार ताणली तर ती तुटते. योग्य तितका ताण दिला, म्हणजे तीच तार सुरात बोलू लागते. मनाचेही तसेच आहे. स्पर्धेत दुसऱ्या विद्यार्थिनीचे नाव पुकारले जाते, तेव्हा तिची छाती धडधडतच असते. ती धडधड सोबतीला घेऊनच ती व्यासपीठाची पायरी चढते.